पळी तळापर्यंत जाऊ द्या

मैत्रिणींनो, आज आपण सुपाविषयी बोलणार आहोत. धान्य पाखडायचे सूप नव्हे, वाटीतून प्यायचे. थंडी सुरू झाली की या सुपाची आठवण होते. कुणाला ताप आला, कुणाची दाढ काढली, लेक बाळंतपणाला माहेरी आली, की "जरा सूप करून दे तिला" असे घरातले कुणीतरी म्हणतेच. हॉटेलात मुले आधी सूप मागतात आणि किराणा दुकानात पाकिटांची माळ टांगलेली असते. सूप म्हणजे हलके, पौष्टिक आणि ताकदीचे, असा आपल्या सगळ्यांचा समज. तो कितपत खरा आहे, आणि देशोदेशीच्या बायका घरी जे सूप रांधतात त्यातून आपण काय घ्यावे, हे आज पाहू.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. सुपाची ताकद पाण्यात नसते, पाण्यात जे शिजते त्यात असते. आणि ते जिच्या ताटात पडते, तिलाच ती ताकद मिळते.

दोन शब्द, एक भांडे

'सूप' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ, वरण. म्हणूनच स्वयंपाकाच्या विद्येला आपल्याकडे सूपशास्त्र म्हणत. इंग्रजीतला सूप हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. तो फ्रेंचांकडून आला आणि तिथे त्याचा जुना अर्थ होता, रश्श्यात भिजवलेला पावाचा तुकडा. म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी डाळ आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी धान्य. हे दोन्ही एका भांड्यात आले, की पोटभरीचे सूप तयार होते. पोषणशास्त्रही तेच सांगते. धान्यात जो प्रथिनाचा घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. वरण-भात, आमटी-भाकरी ही जोडी त्यामुळेच टिकून राहिली.

आता हॉटेलातले सूप पाहा. ते दाट दिसते ते बहुतेक कॉर्नफ्लोअरमुळे. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिने जवळपास नाहीतच. पाकिटातल्या सुपातही बराचसा भाग स्टार्च, मीठ आणि साखरेचा असतो, पाकिटाच्या मागची यादी वाचली की कळते. जेवणाआधी भूक लागावी म्हणून प्यायला हरकत नाही. पण आजाऱ्याला किंवा मुलाला जेवणाऐवजी ते दिले, तर पोट भरल्यासारखे वाटते आणि अंगाला काही लागत नाही.

तसेच हाडांच्या पाण्याचे. पाया किंवा हाडे तासन् तास उकळली की चवदार, चिकटसर रस्सा होतो. पण हाडांतले कॅल्शियम पाण्यात फारसे उतरत नाही. मोडलेले हाड या पाण्याने लवकर भरून येते, ही समजूतच आहे. कॅल्शियम हवे तर दूध, नाचणी, तीळ खा. रस्सा आवडीने प्या, पण त्यातले मांसही खा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, डाळीचे पाणी. सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचे अन्न सुरू करतात. आपल्याकडे पहिल्यांदा दिली जाते ती वरणाची निवळ. डाळ खाली बसू द्यायची आणि वरचे पिवळे पाणी वाटीत घ्यायचे. मैत्रिणींनो, आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटी-दीड वाटी मावते. ती जागा पाण्याने भरली तर अन्न जाणार कुठे? बाळाचे अन्न चमच्यातून ओघळणार नाही इतके घट्ट हवे. डाळ मऊ शिजवा, घोटा, त्यात भात कुस्करा, थोडे तूप किंवा तेल घाला आणि तेच भरवा. निवळ नको, तळाचे हवे.

एवढे लक्षात ठेवून आता जगात फिरून येऊ. पुढच्या पाककृतींत वाटी म्हणजे साधारण १५० मिलिलिटरची आणि प्रमाण चार माणसांचे.

तुर्कस्तान: नव्या नवरीचे सूप

तुर्कस्तानात मसुरीच्या डाळीच्या सुपाचे एक नाव आहे 'एझोगेलिन'. गेलिन म्हणजे नवरी. गाझिआंतेप भागातल्या एझो नावाच्या एका सुंदर मुलीची ही कथा सांगतात. लग्न होऊन ती सीमेपलीकडे सीरियात गेली, माहेरासाठी झुरत राहिली आणि काही केल्या खूश न होणाऱ्या सासूसाठी तिने हे सूप केले. कथा किती खरी ते सोडून द्या. लग्न होऊन परक्या घरी गेलेल्या बाईच्या नावाने एक पदार्थ देशभर ओळखला जातो, हे काही थोडे नाही.

एक वाटी मसूरडाळ, दोन मोठे चमचे तांदूळ आणि दोन मोठे चमचे गव्हाचा दलिया धुऊन घ्या. तिकडे बुलगुर वापरतात, म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू. आपला दलिया कच्चा असतो, म्हणून तो थोडा जास्त शिजवावा लागतो. तेलावर एक कांदा आणि चार लसूणपाकळ्या परता, दोन टोमॅटो बारीक चिरून घाला, डाळ-तांदूळ-दलिया आणि आठ वाट्या पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या द्या. रवीने घुसळा, मीठ घाला, एक उकळी आणा. आता खरी गंमत. छोट्या कढईत चमचाभर लोणी किंवा तूप तापवा, त्यात एक चमचा वाळलेला पुदिना आणि अर्धा चमचा लाल तिखट टाका आणि चर्र करून सुपावर ओता. आपण वरून फोडणी देतो, तीच ही रीत. वाढताना लिंबू पिळा.

मोरोक्को: रोजा सोडतानाची हरीरा

आफ्रिकेच्या उत्तर टोकाला मोरोक्को आहे. रमजानच्या महिन्यात तिथे सूर्य मावळला, की घरोघरी खजुराबरोबर हरीरा वाढतात. दिवसभराच्या उपाशी पोटाला एकदम जड नको आणि नुसते पाणीही नको, म्हणून हे सूप. त्यात काबुली चणे आणि मसूर अशी दोन कडधान्ये असतात, भरपूर टोमॅटो, कोथिंबीर, सेलरी, आले, हळद, मिरे आणि दालचिनी. बऱ्याच घरांत थोडे मांस आणि मूठभर शेवयाही घालतात.

आपण करताना अर्धी वाटी काबुली चणे रात्री भिजवा. सकाळी पाव वाटी अख्ख्या मसुरीबरोबर कुकरमध्ये मऊ शिजवा. कांदा, किसलेले आले, अर्धा चमचा हळद, पाव चमचा मिरेपूड आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तेलावर परता. चार टोमॅटो किसून घाला. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीची देठे बारीक चिरून घाला, ती एरवी आपण फेकतोच. शिजलेली कडधान्ये त्यांच्या पाण्यासकट ओता. शेवटी दोन चमचे कणीक पाण्यात कालवून हळूहळू सोडा आणि ढवळत राहा. आपण अळूच्या पातळभाजीला डाळीचे पीठ लावतो, तसेच हे पीठ लावणे. दहा मिनिटे उकळले, की सूप पळीवाढे होते आणि कच्च्या पिठाचा वास जातो.

टस्कनी: शिळ्या सुपाला ऊत

आपल्याकडे शिळ्या कढीला ऊत आणला, तर लोक हसतात. इटलीच्या टस्कनी भागात मात्र त्याचाच एक नावाजलेला पदार्थ झाला. त्याचे नावच 'रिबोलिता', म्हणजे पुन्हा उकळलेले. गरीब शेतकऱ्यांच्या घरी भाज्या आणि पांढऱ्या बीन्सचे सूप उरायचे, पाव दगडासारखा व्हायचा. दुसऱ्या दिवशी सुपात पाव घालून पुन्हा उकळले, की तेच जेवण. त्यात तिकडची काळपट हिरवी पालेभाजी असते आणि वरून ऑलिव्हचे तेल.

आपल्याला एक वाटी चवळी चालेल. ती भिजवून शिजवा. गाजर, कांदा, कोबी, पालक किंवा मुळ्याचा पाला, जे घरात असेल ते तेलावर परतून चवळीत शिजवा. अर्धी चवळी घोटून घाला, म्हणजे रस्सा मिळून येतो. मग शिळ्या पावाचे किंवा ज्वारीच्या भाकरीचे तुकडे घाला आणि पुन्हा उकळा. पाव किंवा भाकरी शिळी चालेल, पण बुरशी आलेली नको. बुरशीचा भाग काढून उरलेला पाव घालणे हेही नको.

चवळीऐवजी राजमा घेणार असाल तर एक काळजी घ्या. राजमा आठ तास तरी भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळा. कुकरमध्ये केला तर उत्तमच. कच्च्या किंवा मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यात विषारी घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात.

आफ्रिकेतले पिठले आणि दाण्याची आमटी

इथिओपियाच्या स्वयंपाकघरात गेलो, तर आपल्याला माहेरी आल्यासारखे वाटेल. तिथे 'शिरो' नावाचा पदार्थ जवळजवळ रोजचा. भाजलेल्या हरभऱ्याचे मसाला घातलेले पीठ, परतलेल्या कांद्यावर पाणी घालून त्यात पेरायचे आणि रटरट शिजवायचे. म्हणजे पिठलेच की! तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. मग शिरो हाच आधार. तो ते इंजेराबरोबर खातात. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेले, जाळीदार आंबोळीसारखे हे धिरडे असते.

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि माली या देशांत 'माफे' करतात, म्हणजे शेंगदाण्याचा दाट रस्सा. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण तिथेही आणि इथेही तो घरचा होऊन बसला. आपण उपासाला दाण्याची आमटी करतो, माफे हे तिचे भरल्या घरातले रूप. अर्धी वाटी भाजलेले दाणे पाणी घालून गंधासारखे वाटा. कांदा, लसूण, दोन टोमॅटो आणि मिरची परता, रताळे, गाजर, कोबीचे मोठे तुकडे घाला, चार-पाच वाट्या पाणी घाला. भाज्या अर्धवट शिजल्या की दाण्याचे वाटण सोडा आणि मंद आचेवर वर तेलाचा तवंग येईपर्यंत शिजवा. तळाला लागते, म्हणून ढवळत राहा. तिकडे यात बहुधा मांस किंवा कोंबडी असते आणि ते भाताबरोबर खातात.

गोव्यापर्यंत आलेले सूप

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मिन्यू भागातले 'काल्दु व्हेर्द', म्हणजे हिरवा रस्सा, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. बटाटा शिजवून घोटायचा, त्यात केसासारखी बारीक चिरलेली पालेभाजी घालायची. तिकडची भाजी इथे मिळत नाही, म्हणून गोव्यात पालक वापरू लागले. करायला हे सगळ्यांत सोपे. पण त्यात डाळ नाही, म्हणून बरोबर अंडे, मासा किंवा उसळ असू द्या.

हैती: ज्यांनी रांधले त्यांनी खाल्ले

आता शेवटचे सूप. कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. तिथे फ्रान्सची सत्ता होती आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले लोक उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबत होते. मालकांच्या टेबलावर लाल भोपळ्याचे एक खास सूप असे. ते रांधायचे गुलामांनी, पण चाखायचे नाही. या गुलामांनी बंड केले, लढाई जिंकली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर वर्षी १ जानेवारीला तिथे घरोघर हेच सूप करतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात आणि सगळे बसून खातात. त्याचे नाव 'सूप जुमू'. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. हैतीची ही त्या यादीतली पहिली नोंद.

मूळ सूप मांसाचे असते. लिंबू आणि मसाला लावलेले मांस, भोपळा, बटाटा, गाजर, कोबी, थोडी मॅकरोनी आणि एखादी झणझणीत मिरची. आपण अर्धा किलो लाल भोपळा वाफवून घोटून घ्या. एक वाटी भिजवून शिजवलेले हरभरे, किंवा घरात चालत असेल तर पाव किलो चिकन, कांदा-लसणावर परता. बटाटा, गाजर, कोबी घालून शिजवा, त्यात भोपळ्याचा गर आणि पाणी घाला, शेवटी मूठभर मॅकरोनी किंवा शेवया. उतरवल्यावर लिंबू पिळा.

आपल्या घरातले वाढप

हे सूप आम्ही शेवटी सांगितले त्याला कारण आहे. रांधायचे एकीने आणि खायचे दुसऱ्यांनी, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पाहुणे आले की आमटीत पाणी वाढवायचे, असे आपण हसत हसत म्हणतो. पण ते वाढवलेले पाणी कुणाच्या वाटीत जाते? पाहुण्यांना, घरच्या पुरुषांना, शाळेला निघालेल्या मुलांना वाढताना पळी तळाशी जाते, दाणे वर येतात. सगळ्यांचे उरकून सासू आणि सून बसतात, तोवर भांड्यात रस्सा असतो, दाणे नसतात. मग भाकरी, चटणी आणि पातळ पाणी. 'चालतंय मला' असे म्हणत आपण वर्षानुवर्षे चालवत राहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत आणि नुसत्या सुपाने ते भरून येणार नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. पण आपल्या वाटीत डाळ पडणे ही पहिली पायरी आहे, आणि ती आपल्या हातातल्या पळीवर अवलंबून आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, भांडे चढवतानाच माणसे मोजा आणि त्यात स्वतःला धरा. माणशी एक मूठ कोरडी डाळ किंवा कडधान्य आणि अर्धी मूठ धान्य. मुठीत साधारण ३० ग्रॅम डाळ बसते, तिच्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. पाहुणा वाढला तर पाण्याआधी मूठ वाढवा. मसूरडाळ भिजवावी लागत नाही, कुकरमध्ये लगेच शिजते.

दुसरी, वाढण्याआधी दर वेळी तळापासून ढवळा. आणि जिला उशिरा जेवायचे आहे, तिची वाटी आधी भरून झाकून ठेवा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई घरात असेल तर तिची वाटी सगळ्यांत आधी.

तिसरी, लिंबू पिळायचे ते सूप खाली उतरवल्यावर. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी लागायला मदत होते, आणि ते जीवनसत्त्व उकळल्याने कमी होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. तासाभराने घ्या.

चौथी, मीठ बेताने. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ पुरे. सूप आटले की खारटपणा वाढतो, म्हणून मीठ शेवटी घाला. लहान बाळाचा वाटा मीठ-तिखटाआधी बाजूला काढा.

पाचवी, उरलेले सूप दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका. पसरट भांड्यात ओतून लवकर निववा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. लागेल तेवढेच काढून खळखळून उकळा. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतेच करा.

आजाऱ्याबद्दल शेवटचे. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर पहिल्या दिवशी पातळ पेज, सरबत, क्षारसंजीवनी यांचीच गरज असते. पण जरा खाऊ लागला, की त्याला निवळीवर ठेवू नका. घोटलेली डाळ, मऊ भात, भोपळा घालून दाटसर सूप द्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डाळीचे, मिठाचे, बटाट्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

यातले कुठलेही सूप करायला परदेशी सामान लागत नाही. मसूर, चवळी, दाणे, भोपळा, दलिया, सगळे आपल्याच डब्यांत आहे. या आठवड्यात एखादे करून पाहा, घरच्यांबरोबर एकाच पंगतीला बसा, आणि तुमच्या वाटीत दाणे किती आले तेही आम्हाला कळवा.